कागद कुठे थांबतो? मनुष्यबळ विभागात नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शक

गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या औषध कारखान्यात, कुंडई-मडकईच्या एखाद्या इंजिनिअरिंग युनिटमध्ये किंवा कळंगुटच्या एखाद्या हॉटेलात मनुष्यबळ विभागाची पहिली नोकरी लागलेल्या तरुणांसाठी हा लेख आहे. रुजू होऊन चार-सहा महिने झाले की कोणीतरी वरिष्ठ त्यांना बोलावून सांगतो, की आपल्या विभागाची कामे फार रेंगाळतात, तेव्हा प्रक्रियेची कार्यक्षमता वाढवण्यासाठी काहीतरी करा. काय करायचे आणि कुठून सुरुवात करायची, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. मग नवखा माणूस एखाद्या सॉफ्टवेअरच्या शोधाला लागतो किंवा आणखी एक अर्ज, आणखी एक तक्ता तयार करतो, आणि काम कमी होण्याऐवजी वाढते.

माझ्या स्वतःच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. एका कामगाराने गृहकर्जासाठी पगाराचा दाखला मागितला होता. सोमवारी अर्ज आला आणि दाखला त्याच्या हातात पुढच्या आठवड्याच्या बुधवारी पडला. तोवर तो बँकेत दोनदा जाऊन रिकाम्या हाताने परतला होता. मी त्या कागदाचा प्रवास मागे जाऊन तपासला. पगाराचे आकडे काढायला पाच मिनिटे, दाखला टाइप करायला दहा मिनिटे, सही आणि शिक्क्याला मिळून पाच मिनिटे, असे एकूण वीस मिनिटांचे काम झाले होते. उरलेला सगळा वेळ तो कागद कुठेतरी पडून होता: आधी आमच्या ट्रेमध्ये, मग सही करणारे अधिकारी मुंबईच्या मुख्य कार्यालयात गेले म्हणून त्यांच्या टेबलावर, आणि शेवटचे दोन दिवस तर तयार होऊनही आमच्याच कपाटात, कारण तो कामगार रात्रपाळीला होता आणि आमचे कार्यालय सकाळी साडेनऊला उघडत असे. त्या नऊ दिवसांत कोणीही आळस केला नव्हता, तरीही माणसाचे काम अडले. म्हणून माझे सांगणे असे आहे, की माणसांनी अधिक भरभर काम करावे या दिशेने विचार करू नये. कागद कुठे थांबतो ते शोधावे, आणि तो तिथे का थांबतो याचा बंदोबस्त करावा.

पायरी पहिली : एक वही करा

पहिले चार आठवडे काहीही बदलू नका. टेबलावर एक साधी वही ठेवा आणि विभागाकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाची, फोनची आणि व्हॉट्सअॅप संदेशाची एका ओळीत नोंद करा: तारीख, कोण, काय हवे होते, आणि ते तिथल्या तिथे मिळाले की पुन्हा यावे लागले. नावापेक्षा खाते आणि पाळी लिहिणे अधिक उपयोगाचे ठरते. ही नोंद कंटाळवाणी आहे, पण तिच्याशिवाय पुढचे सगळे अंदाजावर चालते. आपल्याला वाटते की सर्वाधिक वेळ नोकरभरतीत जातो. वही मात्र बहुतेक वेळा असे दाखवते, की हजेरीतील चुका, शिल्लक रजा किती आहे हा प्रश्न, पगाराच्या चिठ्ठीतील एखादी न समजलेली कपात आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातील अडचणी, या चार गोष्टींसाठीच माणसे पुन्हापुन्हा येतात.

महिना संपला की या नोंदींचे गट पाडा आणि त्यांतून फक्त एक प्रक्रिया निवडा. निवडताना, जी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्याच विभागाच्या हातात आहे अशी निवडावी. दाखले देणे, हजेरीची दुरुस्ती, रजेचा हिशेब यांपैकी काहीही चालेल. नोकरभरती पहिल्यांदा हाती घेऊ नये, कारण तिच्यातील निम्मे निर्णय खातेप्रमुखांचे असतात, आणि ज्या नवख्याने अजून एकही काम मार्गी लावून दाखवलेले नाही त्याच्या सांगण्यावरून उत्पादन विभागाचा प्रमुख आपली सवय बदलत नाही.

पायरी दुसरी : कागदाच्या मागे चालत जा

निवडलेल्या प्रक्रियेचा एखादा चालू अर्ज घ्या आणि तो प्रत्यक्ष कुठे कुठे जातो, ते त्याच्याबरोबर फिरून पाहा. कंपनीच्या नियमपुस्तिकेत लिहिलेला मार्ग आणि खरा मार्ग यांत फरक असतो, आणि आपल्याला खरा मार्ग हवा आहे. प्रत्येक टप्प्यासमोर दोन आकडे लिहावेत: हातात घेऊन केलेल्या कामाची मिनिटे आणि नुसते पडून राहण्याचे तास. दोन्हींच्या बेरजा शेजारी शेजारी मांडल्या की घोडे कुठे पेंड खाते ते आपोआप दिसते.

इथे एक साधे गणित कामी येते. जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ मध्ये त्याची रीतसर सिद्धता मांडली आणि आज ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. स्थिर चाललेल्या कामात, पडून असलेल्या अर्जांची संख्या भागिले रोज निकाली निघणारे अर्ज, इतके दिवस एका अर्जाला सरासरी लागतात. तुमच्याकडे ३० अर्ज शिल्लक असतील आणि दिवसाला ५ निकाली निघत असतील, तर आज आलेल्या माणसाला साधारण सहा दिवसांनी उत्तर मिळणार, मग तुम्ही त्याला 'उद्या या' म्हणून कितीही आपुलकीने सांगा. म्हणून मी सुचवते, की एक शनिवार जादा थांबून जुना साठा पूर्ण संपवावा. त्यानंतर येणारे अर्ज त्याच गतीने, त्याच माणसांकडून, पण त्याच दिवशी निघू लागतात, कारण रांगच उरलेली नसते. रोज जितके अर्ज येतात तितके रोज निघत असतील, तर ही रांग पुन्हा तयार होत नाही. येणारेच जास्त असतील तर मात्र प्रश्न मनुष्यबळाचा आहे, आणि तो वरिष्ठांपुढे मांडायला आता तुमच्या हाती आकडे आहेत.

सह्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा. प्रत्येक सहीबाबत एकच प्रश्न विचारा: या अधिकाऱ्याने गेल्या वर्षभरात असा एक तरी अर्ज परत पाठवला आहे का? उत्तर 'नाही' असेल, तर ती सही परवानगीची नाही, फक्त माहितीची आहे. तिथे सहीऐवजी ईमेलने कळवणे पुरते. पण हे सुचवताना त्या अधिकाऱ्याचा अधिकार काढून घेतला जातो आहे असे त्याला वाटू नये याची काळजी घ्या. मी अशा वेळी, 'साहेब, दर सोमवारी आदल्या आठवड्यात दिलेल्या सगळ्या दाखल्यांची यादी आपल्याला पाठवीन, काही वावगे दिसले तर थांबवू,' असे सांगते, आणि बहुतेकांना ते पटते. जिथे सही खरोखरच आवश्यक आहे, तिथे सही करणारी दुसरी व्यक्ती लेखी नेमून ठेवावी. माणूस मुंबईला गेला म्हणून कामगाराचे कर्ज अडता कामा नये.

पायरी तिसरी : रुजू होण्याचा दिवस नीट सांभाळा

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर थोडे अधिक लिहिते. मनुष्यबळ विभागात पुढे वर्षानुवर्षे निस्तरावी लागणारी बहुतेक कटकट पहिल्या दिवशी चुकीच्या लिहिलेल्या माहितीतून जन्माला येते.

गोव्यात तर हा प्रश्न विशेष आहे. इथल्या कित्येक घरांत पोर्तुगीज काळातील जन्मदाखल्यांवर आडनावे पोर्तुगीज वळणाने लिहिलेली आहेत. कामतांचे 'कामोतीम' झालेले असते, प्रभूंचे 'पोरोब', आणि साधे नाईक हे आडनाव एका कागदावर शेवटी 'के' घालून तर दुसऱ्यावर 'क्यू' घालून लिहिलेले सापडते. वडिलांच्या कागदांवरील वळण मुलाच्या शाळेच्या दाखल्यात उतरते, आधार कार्डावर मात्र नोंदणी करणाऱ्याला जे सुचले ते येते. ख्रिस्ती कुटुंबांत दोन-दोन, तीन-तीन नावे असतात आणि त्यांतील एखादे पॅन कार्डावर गळालेले असते. माणूस तोच असतो, पण संगणकाला ती दोन माणसे वाटतात.

सत्तरी तालुक्यातील एका कामगाराचा प्रसंग मला आठवतो. मुलीच्या लग्नासाठी त्याला भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढायचे होते. त्याचे नाव आमच्या नोंदीत आणि आधारवर एका अक्षराने वेगळे होते, आणि जन्मतारीखही जुळत नव्हती, कारण नोकरीला लागताना त्याने तोंडी सांगितलेली तारीख कोणी कारकुनाने कागद न पाहता लिहून घेतली होती. अर्ज फेटाळला गेला, दुरुस्तीचा अर्ज केला, पुरावे जोडले, आणि पैसे आले तेव्हा लग्न होऊन गेले होते. त्याने आमच्याकडे तक्रारही केली नाही. पहिल्या दिवशी दोन मिनिटे जास्त दिली असती तर हे झाले नसते, हे मला आजही बोचते.

म्हणून रुजू होण्याच्या दिवशी एक तास फक्त माहितीच्या नोंदीसाठी राखून ठेवावा. आधार, पॅन, बँकेचे पासबुक आणि जन्मतारखेचा पुरावा हे चारही कागद एका ओळीत मांडून, नावाचे अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहावे. जुळत नसेल, तर कोणता कागद दुरुस्त करून आणायचा हे त्याच दिवशी त्या माणसाला लिहून द्यावे. भरलेली माहिती पडद्यावर किंवा छापून त्यालाच वाचायला द्यावी आणि मगच सही घ्यावी. तो मराठी वा कोकणी वाचणारा असेल तर तशी, आणि झारखंड, ओडिशा किंवा कर्नाटकातून आलेला असेल तर त्याला कळेल अशा भाषेत ती समजावून सांगावी. न समजता केलेल्या सहीचा उपयोग नाही.

त्याच तासात तीन प्रश्न आवर्जून विचारावेत. पहिला, आधी कुठे नोकरी केली होती का, आणि भविष्यनिर्वाह निधीचा बारा आकडी युनिव्हर्सल क्रमांक आहे का? हा क्रमांक माणसाला आयुष्यभरासाठी एकच असतो. हॉटेलांत ऑक्टोबरला येऊन मे महिन्यात गावी परतणारे कर्मचारी पुढच्या हंगामात दुसऱ्या हॉटेलात लागतात, आणि कोणी न विचारल्यामुळे नवा क्रमांक, नवे खाते आणि विखुरलेले पैसे असा प्रकार होतो. दुसरा, कर्मचारी राज्य विमा योजनेचा (ईएसआय) जुना क्रमांक आहे का, आणि कुटुंबात कोण कोण आहे? मूल आजारी पडले आणि मडगावच्या ईएसआय रुग्णालयात त्याचे नावच नोंदलेले नाही असे कळले, की त्या आईवडिलांची जी स्थिती होते ती टाळणे आपल्या हातात आहे. तिसरा, वारसदार कोण? हा प्रश्न विचारायला अनेकांना संकोच वाटतो, पण तो विचारलाच पाहिजे. लग्न झाल्यावर वारसाचे नाव बदलावे लागते, हेही तेव्हाच सांगून ठेवावे.

नेमणूकपत्र पहिल्याच दिवशी हातात द्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी ते देणे बंधनकारक केले आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, पगार, पाळी, रजा आणि नोटिशीचा काळ हे चार मुद्दे लेखी असले की पुढचे कितीतरी वाद उपस्थितच होत नाहीत.

पायरी चौथी : महिन्याचे वेळापत्रक उलट्या दिशेने मांडा

पगाराचे काम दर महिन्याला धावपळीत होत असेल तर समजावे, की तारखा पुढून मागे मोजलेल्या नाहीत. आधी कायद्याच्या तारखा भिंतीवर लावा. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत गेला पाहिजे. पगारातून कापलेला प्राप्तिकर ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, अपवाद मार्चचा, ज्याला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा यांचे पैसे १५ तारखेपर्यंत भरावे लागतात. आता मागे चालत या. बँकेला फाइल एक दिवस आधी, त्याआधी वित्त विभागाची मंजुरी, त्याआधी तपासणी, त्याआधी हजेरीची दुरुस्ती. असे करता करता हजेरी कोणत्या तारखेला बंद व्हायला हवी ते ठरते. ती तारीख सर्व खातेप्रमुखांना वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी द्यावी आणि नंतर येणारी दुरुस्ती पुढच्या महिन्यात जाईल हे ठामपणे सांगावे. पहिल्या महिन्यात कुरकुर होते, तिसऱ्या महिन्यात सवय होते. मात्र चूक आपल्या विभागाची असेल आणि माणसाचा पगार कमी पडला असेल, तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात पैसे द्यावेत.

हजेरीच्या दुरुस्त्यांमध्ये बराच वेळ वाचवता येतो. पावसाळ्यातील एक सकाळ घ्या. वाळपईहून फोंड्यावरून येणारी कंपनीची बस बोरीच्या पुलाजवळ वाहतुकीत अडकते आणि वेर्ण्याला पस्तीस मिनिटे उशिरा पोचते. मशीन बसमधील प्रत्येकावर उशिराचा शिक्का मारते. मग अडतीस माणसे अडतीस अर्ज भरतात, त्यांचे सुपरवायझर अडतीस सह्या करतात आणि आपण अडतीस नोंदी बदलतो. चूक तर बसची होती. प्रत्येक बसला एक क्रमांक द्यावा, कोण कोणत्या बसने येतो हे हजेरीच्या नोंदीत जोडावे, आणि गेटवरील सुरक्षारक्षकाने बस आत आल्याची वेळ लिहावी. बस उशिरा आली तर एकाच नोंदीने सगळ्यांची वेळ दुरुस्त होईल. अशी एकाच कारणातून निघणारी कामे शोधण्याची नजर तयार झाली, की अर्धी कार्यक्षमता साधली.

पगारपत्रक तपासताना चारशे ओळी वरून खाली वाचू नयेत. डोळे थकतात आणि नेमकी चूक निसटते. त्याऐवजी गेल्या महिन्याचे आणि या महिन्याचे पत्रक शेजारी मांडून फक्त फरक असलेल्या ओळी काढाव्यात. प्रत्येक फरकाला कारण असले पाहिजे: पगारवाढ, बिनपगारी रजा, ओव्हरटाइम, नवा रुजू, सोडून गेलेला. गेल्या महिन्याची संख्या अधिक नवे वजा गेलेले बरोबर या महिन्याची संख्या, हा ताळा बसला नाही तर फाइल बँकेला पाठवू नये.

दोन ठिकाणी हमखास गफलत होते. राज्य विमा योजनेची पगारमर्यादा सध्या २१,००० रुपये आहे, आणि कर्मचाऱ्याचा ०.७५ टक्के व मालकाचा ३.२५ टक्के असा हिस्सा असतो. जुलैत पगारवाढ होऊन कोणी मर्यादेच्या वर गेला, तर नवखे लोक जुलैपासूनच कपात थांबवतात. ते चूक आहे; एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन काळ असतात, आणि चालू काळ संपेपर्यंत तो माणूस योजनेतच राहतो. दुसरी गफलत मुख्य कार्यालय मुंबईत असलेल्या कंपन्यांची. तिथून आलेला पगाराचा साचा महाराष्ट्रासाठी बनवलेला असतो, आणि तो तसाच वापरला की गोव्यात काम करणाऱ्या माणसाच्या पगारातून महाराष्ट्राचा व्यवसाय कर कापला जातो. साचा वापरण्याआधी त्यातील प्रत्येक कपातीचे कारण विचारावे.

पायरी पाचवी : रजेचे नियोजन आपल्या मातीप्रमाणे करा

गोव्यातील कारखान्यात चतुर्थीच्या आठवड्यात रजेचे अर्ज येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तरीही दर वर्षी सुपरवायझर आदल्या आठवड्यात हैराण होतात. चतुर्थीला दोन दिवस सरकारी सुट्टी असते, पण ज्यांच्या घरी पाच, सात किंवा नऊ दिवसांचा गणपती असतो त्यांना ती पुरत नाही. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेला धोंड (व्रतस्थ भक्त) म्हणून जाणारे डिचोलीकडचे कामगार आधी काही दिवस व्रत पाळतात. ३ डिसेंबरचे जुन्या गोव्याचे फेस्त आणि नाताळ हे ख्रिस्ती सहकाऱ्यांचे दिवस असतात. परगावचे कामगार छटपूजेला किंवा मे महिन्यात एकदम महिनाभर जातात.

ही विविधता अडचण मानू नये. नियोजनाला ती सोयीचीच आहे. जानेवारीत प्रत्येक खात्यात एक कागद फिरवून वर्षातील सर्वांत महत्त्वाची एक रजा प्रत्येकाने निवडावी असे सांगा. चतुर्थीला हिंदू सहकाऱ्यांची पाळी सांभाळायला आणि नाताळात ख्रिस्ती सहकाऱ्यांची पाळी सांभाळायला लोक आपणहून तयार होतात, फक्त कोणीतरी वेळेवर विचारावे लागते. एका वेळी किती जण रजेवर जाऊ शकतात ही संख्या आधी जाहीर असावी आणि मागच्या वर्षी ज्याला नकार मिळाला त्याचा या वर्षी पहिला हक्क, हा नियम लेखी असावा. शिल्लक रजा पगाराच्या चिठ्ठीवरच छापली की वहीतील निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

पायरी सहावी : भरती आणि निरोप

नोकरभरतीबद्दल थोडक्यातच सांगते. मुलाखतीनंतर निर्णय न कळवता आठवडा जाऊ देणे ही सर्वांत मोठी गळती असते, कारण चांगला उमेदवार तोवर शेजारच्या कंपनीत रुजू होतो. आठवड्यातील एक ठरावीक दुपार मुलाखतींसाठी राखावी आणि त्याच संध्याकाळी होकार-नकार ठरवावा. हॉटेलांचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो, तेव्हा भरती ऐन पावसात, जुलै-ऑगस्टमध्येच व्हायला हवी. नकार दिलेल्यांनाही दोन ओळींनी कळवावे. गोवा लहान आहे, तीच माणसे पुन्हा भेटतात.

नोकरी सोडून जाणाऱ्याच्या हिशेबाकडे मात्र अधिक लक्ष द्या. अनेक कार्यालयांत अंतिम हिशेबाला महिना-दीड महिना लावण्याची जुनी रीत आहे. वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या किंवा कामावरून कमी केलेल्या माणसाचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे. हे जमवायचे तर काम शेवटच्या दिवशी सुरू करून चालणार नाही. राजीनामा मंजूर झाला त्याच दिवशी भांडार, कॅन्टीन, संगणक विभाग आणि वित्त विभाग यांना एकाच वेळी कळवावे. एकाची सही झाल्यावर कागद दुसऱ्याकडे जाण्याची पद्धत इथे बंद करावी. नोटिशीच्या काळात येणी-देणी मिटली, की शेवटच्या दिवशी फक्त ओळखपत्र परत घेणे आणि शेवटच्या दिवसांची हजेरी मिळवणे उरते.

ग्रॅच्युइटी, म्हणजे सेवेच्या वर्षांप्रमाणे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, देण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि तिचा हिशेब कर्मचाऱ्याला समोर बसवून दाखवावा. समजा, शेवटचे मासिक वेतन २६,००० रुपये आणि सेवा आठ वर्षांची आहे. २६,००० ला २६ ने भागून १५ ने गुणले की वर्षाला १५,००० रुपये, आणि आठ वर्षांचे १,२०,००० रुपये होतात. सामान्यतः पाच वर्षांची सेवा लागते. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरील माणसाला नव्या संहितेनुसार एका वर्षानंतरही ती मिळते. असा हिशेब स्वतः पाहिलेला माणूस पुन्हा विचारायला येत नाही.

पायरी सातवी : सॉफ्टवेअर आता

इथवर आल्यावरच सॉफ्टवेअरचा विचार करावा. गोंधळलेली प्रक्रिया संगणकावर चढवली तर गोंधळच वेगाने होतो; आधी कळस मग पाया, असे करू नये. नवी प्रणाली घेण्यापूर्वी एक्सेलमधील नावे, तारखा आणि बँक खाती स्वच्छ करून घ्या, प्रत्येकाला न बदलणारा एकच कर्मचारी क्रमांक द्या, आणि दोन महिने जुनी व नवी पद्धत बरोबर चालवून दोन्हींचे पगार रुपयापर्यंत जुळतात का ते पाहा. मोबाइलवरून रजा मागण्याची सोय कार्यालयीन कर्मचाऱ्यांना आवडते, पण कारखान्यात फोन आत नेता येत नसेल तर कॅन्टीनजवळ एक संगणक आणि सुरुवातीला मदतीला एक माणूस ठेवावा लागेल. आणि आधार कार्डांची छायाचित्रे व वैद्यकीय दाखले व्हॉट्सअॅप गटांवर मागवण्याची सवय मोडा. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालेला आहे, आणि माणसाच्या आजाराची चर्चा गटावर होऊ नये हे समजायला कायद्याचीही गरज पडू नये.

पायरी आठवी : मोजा, पण थोडेच मोजा

तीन आकडे पुरेत. मागितल्यापासून मिळेपर्यंत किती दिवस लागले, पहिल्याच वेळी काम बरोबर किती वेळा झाले, आणि एकाच प्रश्नासाठी किती जणांना परत यावे लागले. केवळ सरासरीवर विसंबू नका. नऊ दाखले एका दिवसात गेले आणि दहावा एकवीस दिवसांनी, तर सरासरी तीन दिवस येते आणि अहवाल सुरेख दिसतो. त्या दहाव्या माणसाचे काय झाले हे मात्र त्यात दिसत नाही. म्हणून दर महिन्याला सर्वांत उशिरा मिळालेले एक काम घेऊन त्याचा प्रवास तपासावा.

काही कामे या मोजमापातून पूर्णपणे बाहेर ठेवावीत. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे जाते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती समिती असलीच पाहिजे, आणि चौकशीला ९० दिवसांची मुदत आहे. ती मुदत पाळायची, पण तक्रार करणाऱ्या बाईला बोलायला लागेल तितका वेळ द्यायचा. शिस्तभंगाची चौकशी, घरात मृत्यू झालेल्या कर्मचाऱ्याची भेट, अपघातानंतर कुटुंबाला रुग्णालयात सोबत करणे, या ठिकाणी घड्याळ पाहू नये. दाखले आणि हजेरीतून वाचवलेले तास मी याच कामांसाठी हवे म्हणून वाचवते, आणि विभागाच्या वेळापत्रकात रोज दुपारचा एक तास, दार उघडे ठेवून, कोणीही येऊन बोलावे यासाठी राखते. रात्रपाळीच्या माणसांसाठी हाच तास आठवड्यातून एकदा सकाळी साडेसहाला, पाळी सुटताना गेटजवळ ठेवावा. तयार झालेले दाखलेही तेव्हा बरोबर न्यावेत.

तीन महिने झाले की पहिली वही पुन्हा सुरू करा, चार आठवडे तशाच नोंदी घ्या, आणि त्यांतून जो प्रश्न आता सर्वांत वर आलेला दिसेल, त्याच्यापासून दुसरी प्रक्रिया हाती घ्या.